हुशार आहे, मग अडतंय कुठे?

बोलायला उशीर झाला नाही, शाळेत जायच्या आधीच वाचायला लागलं, पाढे तोंडपाठ. अशा मुलाची ऑटिझमसाठी तपासणी करून घ्या, असं कुणी सुचवलं की घरच्यांना तो अपमान वाटतो. बोलणं आणि बुद्धी चांगली, तरीही स्वमग्नतेची, म्हणजेच ऑटिझमची, मूळ लक्षणं असलेल्या या मुलांसाठी ‘हाय-फंक्शनिंग ऑटिझम’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. निदानाच्या अधिकृत यादीत तो नाही, पण दवाखान्यात आणि पालकांच्या बोलण्यात सर्रास येतो. ही मुलं बहुधा उशिरा ओळखली जातात. तोवर हट्टी, उर्मट, एककल्ली, आगाऊ अशी विशेषणं त्यांना चिकटलेली असतात आणि त्यांनी स्वतःही ती खरी मानलेली असतात. म्हणून हा विषय मला निकडीचा वाटतो.

या प्रश्नाकडे पाहणाऱ्या दोन दृष्टी इथे समोरासमोर बसवल्या आहेत. दोघी कल्पित आहेत, पण त्यांच्यातला वाद आज अनेक घरांत चालू आहे. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. भाची लहान मुलांबरोबर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. विषय आत्याच्या नातवाचा. वय सहा, इयत्ता पहिली. शाळेने तपासणी सुचवली आहे.

आत्या : माझी सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. आपल्याच नादात असणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असायचंच. त्यांना कुणी दवाखान्यात नेलं नाही, तरी ती पोरं मार्गाला लागली. आता शाळेला जरा वेगळं पोर दिसलं की आईबापांच्या हातात चिठ्ठी. आमच्या नातवाला रेल्वेचं वेड आहे. कोयना एक्स्प्रेस कराडला किती वाजता, मिरजेला किती वाजता, सगळं पाठ. याला आजार म्हणायचं?

भाची : रेल्वेच्या वेडाला कुणीच आजार म्हणणार नाही, आत्या. त्याला किती माहीत आहे यापेक्षा ते तो कसं सांगतो, हे मला बघायचंय. वेळापत्रक सांगत असताना तू ‘दमले रे, जरा पडते’ म्हणालीस तर काय करतो?

आत्या : माझ्यामागे खोलीत येतो आणि सांगत राहतो. लहान आहे अजून.

भाची : सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना समोरच्याचा चेहरा, आवाज, जांभई यांवरून काहीतरी उमगतं. उमगूनही बडबड करतील, पण मध्येच विचारतील, ‘आजी, झोपतेस का?’ ऑटिझम असलेल्या मुलाला हे संकेत आपोआप वाचता येत नाहीत. त्याचं तुझ्यावर प्रेम कमी आहे असं मुळीच नाही. ‘मला दहा मिनिटं झोपू दे, मग पुढचं सांग’ असं स्पष्ट सांगितलंस तर ऐकतो का?

आत्या : तंतोतंत ऐकतो. घड्याळाकडे बघत बसतो आणि दहा मिनिटं झाली की हलवून उठवतो.

भाची : म्हणजे उघड सांगितलेलं कळतं, आडून सुचवलेलं कळत नाही. आपलं निम्मं बोलणं आडूनच असतं. आपण निघताना ‘येते हं’ म्हणतो. ‘डोकं खाऊ नकोस’, ‘आत्ता बघतेच तुझ्याकडे’, ‘पुन्हा करून तर बघ’ म्हणतो. बाई चिडून ‘पुन्हा करून तर बघ’ म्हणाल्या आणि मुलाने आज्ञा पाळल्यासारखं खरंच पुन्हा केलं, तर वर्गात तो उद्धट ठरतो. शाळेने काय लिहून दिलंय?

आत्या : तेच. ‘उलट वागतो, गटात बसत नाही, मधल्या सुट्टीत एकटा फिरतो.’ पण बोलणं ऐक ना त्याचं! ‘वास्तविक पाहता’, ‘माझ्या माहितीप्रमाणे’ अशी वाक्यं येतात तोंडात. माझ्या वर्गातल्या एकाही पोराला असं बोलता यायचं नाही.

भाची : तेही मी टिपून ठेवीन. वयाच्या मानाने पुस्तकी भाषा, बातम्या वाचल्यासारखा सूर, आणि एवढी शब्दसंपत्ती असून ‘आज शाळेत काय झालं?’ या प्रश्नापाशी अडणं, हे या मुलांत बरेचदा एकत्र दिसतं. व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी 1944 मध्ये चार मुलांचं वर्णन केलं होतं, तेही असंच. छोटे प्रोफेसर वाटावीत अशी बोलणारी मुलं.

आत्या : ते अ‍ॅस्पर्जर नाव मीही वाचलंय. आता म्हणे ते काढून टाकलं. डॉक्टरांचंच एकमत नाही, नावं बदलत राहतात, आणि आम्ही मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवून पोराच्या कपाळावर शिक्का मारायचा?

भाची : नाव बदललं, मुलं तीच आहेत. ब्रिटनच्या लोर्ना विंग यांनी 1981 मध्ये ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं. त्या स्वतः ऑटिस्टिक मुलीची आई होत्या. 1994 मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ते वेगळं निदान म्हणून आलं आणि 2013 च्या पुस्तिकेतून गेलं. एकाच प्रकारच्या मुलाला एका दवाखान्यात अ‍ॅस्पर्जर, दुसऱ्यात ऑटिझम असं निदान मिळत होतं. म्हणून आता सगळ्यांसाठी एकच ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ आहे आणि मदत किती लागते त्यावरून तीन पातळ्या. पुढे 2018 मध्ये इतिहासकारांनी दाखवून दिलं, की अ‍ॅस्पर्जर नाझी राजवटीच्या यंत्रणेशी सहकार्य करत होते आणि काही अपंग मुलांना त्यांनी जिथे मुलं मारली जात अशा संस्थेकडे पाठवलं होतं. त्यामुळे ते नाव अनेकांना नकोसंच झालं.

आत्या : देवा! पण माझा मुद्दा राहतोच. हे सगळं मोबाइल आल्यापासून वाढलं. आमच्या वेळी नव्हतं.

भाची : ग्रुन्या सुखारेवा नावाच्या डॉक्टरने मॉस्कोत 1925 मध्ये अशाच सहा मुलांची बारीक नोंद करून ठेवली होती. तेव्हा मोबाइल कुठे होता? फार स्क्रीनमुळे लहान मुलाचं बोलणं मागे पडू शकतं आणि वरवर बघणाऱ्याला ते ऑटिझमसारखं भासू शकतं. म्हणून स्क्रीन कमी करायलाच हवी. पण ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला जन्मजात फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या कोरडेपणामुळे होतो, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावर फार चालली. असंख्य आयांना तिने पोळलं, आणि ती चुकीची ठरली. लसीमुळे होतो हेही खोटं. ज्या 1998 च्या लेखावरून ती भीती पसरली, तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला.

आत्या : बरं, मोबाइल सोडून देते. पण मला सांग, एकटं खेळणं, आवाजाला घाबरणं, ठरावीकच खाणं, यातलं काही ना काही कुठल्या मुलात नसतं? तुझ्या यादीत बसवायचं म्हटलं तर माझा अख्खा वर्ग बसेल.

भाची : हा तुझा सगळ्यांत रास्त मुद्दा आहे. म्हणूनच एका लक्षणावरून निदान करतच नाहीत. दोन्ही बाजू लागतात. पहिली सामाजिक देवघेवीची: संभाषण आणि भावना वाटून घेणं, नजर-हावभावांचा वापर, मैत्री जुळवणं आणि टिकवणं. या तिन्हींत अडचण हवी. दुसरी बाजू वागण्याच्या ठरावीकपणाची. त्यात चार गोष्टी येतात: त्याच त्या हालचाली किंवा वाक्यं, बदल सहन न होणं, अतितीव्र आवड, आणि आवाज, स्पर्श, वास, चव यांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद. यातल्या किमान दोन हव्यात. शिवाय ते लहानपणापासून असायला हवं आणि त्याने रोजचं जगणं अडायला हवं. आवाजाचं म्हणशील तर घाबरणं आणि सहन न होणं यात फरक आहे. कुकरची शिट्टी झाली की तो काय करतो?

आत्या : कान दाबून गॅलरीत पळतो. विसर्जनाला ढोल-ताशे दारावरून गेले, तेव्हा पलंगाखाली शिरला. दोन तास बाहेर आला नाही. त्याचे बाबा म्हणाले, लाड झालेत.

भाची : आणि शाळेतून घरी आल्यावर?

आत्या : तीच तर पंचाईत आहे. बाई म्हणतात वर्गात गप्प असतो. घरी आला की दप्तर फेकतो, युनिफॉर्म ओरबाडून काढतो. वाटीतली आमटी भाताला लागली तरी आकांत. वेगळा भात वाढला तरी थांबत नाही.

भाची : हट्ट असता तर हवं ते मिळाल्यावर थांबला असता. हट्ट करणारं मूल आपल्याकडे कुणी बघतंय का, हेही पाहत असतं. हा वेगळा प्रकार आहे. दिवसभर बाकांचे आवाज, घंटा, धक्काबुक्की, न कळणारे इशारे, सगळं सोसून तो कसाबसा स्वतःला सावरून धरतो. घर सुरक्षित वाटतं, म्हणून बांध घरी फुटतो. आमटी फक्त निमित्त. शाळा म्हणते इथे गप्प असतो, घर म्हणतं इथे बिघडतो, आणि दोघं मिळून आईला दोष देतात.

आत्या : सूनबाईला मीही बोलले असेन. पण लहानपणी तर तो अगदी शांत होता. पाळण्यात पंख्याकडे बघत तासन्‌तास पडायचा. आम्ही कौतुक करायचो, बाळ त्रासच देत नाही म्हणून.

भाची : दीड वर्षाचा असताना आकाशात विमान दिसलं तर बोट दाखवून, वळून तुझ्याकडे बघायचा का? ‘तूही बघ’ अशा अर्थाने?

आत्या : हवी ती वस्तू घ्यायला माझा हात धरून न्यायचा. हातच पुढे करायचा माझा, डब्याकडे. विमान दाखवल्याचं... नाही आठवत.

भाची : मागण्यासाठी हात ओढणं आणि आनंद वाटून घ्यायला बोट दाखवणं यात फार अंतर आहे. साधारण दीड वर्षापर्यंत हे दुसरं बोट यायला हवं. हाक मारल्यावर वळून बघणं त्याच्याही आधी, वर्षाच्या आसपास. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाचणी आहे, तिच्यात हेच विचारतात. पण बोलणं वेळेवर आलं की या प्रश्नांपर्यंत कुणी जातच नाही. बालवाडीत निभावून जातं. पहिलीत गट आला, मधली सुट्टी आली, न सांगितलेले नियम आले, की त्याच्याकडून होणारी अपेक्षा त्याच्या आवाक्याबाहेर जाते. काही मुलं पाचवीत अडतात, काही कॉलेजात. मुली तर त्याहून उशिरा सापडतात.

आत्या : मुलींमध्ये कमीच असतं ना पण?

भाची : मुलांपेक्षा कमी दिसतं, पण त्यात न ओळखल्या गेलेल्या बऱ्याच आहेत. अशी मुलगी वर्गातली एक मैत्रीण निवडते. ती हसली की हसते, तिचे शब्द उचलते. तिची आवड मांजरांची किंवा एखाद्या मालिकेतल्या पात्राची असते, त्यामुळे कुणाला खटकत नाही. बाई म्हणतात, लाजाळू आहे. आत ती रोज नाटकाची तालीम करत असते. मोठ्या ऑटिस्टिक माणसांच्या अभ्यासांत असं सतत झाकून जगणं आणि चिंता, नैराश्य यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसलाय.

आत्या : झाकावं लागतं ते लोकांमुळे. गावात अशा माणसांना जागा होती. आमच्या वाडीत एक काका होते. कुणाशी फार बोलायचे नाहीत, लग्न केलं नाही, पण प्रत्येकाचा गट नंबर, बांध, विहिरीतला हिस्सा त्यांना पाठ. भांडण झालं की लोक त्यांच्याकडे यायचे. त्यांच्यावर शिक्का नव्हता, आणि मान होता. तुम्ही लोक मुलाला दुरुस्त करायला निघता. त्याने डोळ्यांत बघावं, हात हलवू नयेत, चारचौघांसारखं वागावं. का म्हणून?

भाची : इथे मी तुझ्या बाजूची आहे. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक. त्यांनी 2012 मध्ये हेच मांडलं, की गैरसमज दुहेरी असतो. त्याला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही, आणि शिकायचं ओझं मात्र एकट्या त्याच्यावर टाकतो. डोळ्यांत बघायची सक्ती मी करत नाही. बोट हलवल्याने त्याला शांत वाटत असेल तर हलवू दे. पण त्या काकांचं मन कुणी विचारलं होतं का? आणि ज्यांच्याकडे लोकांच्या उपयोगाची अशी विद्या नव्हती, त्यांचं काय झालं? त्यांना तऱ्हेवाईक म्हणून सोडून दिलं, शाळेत छड्या मिळाल्या, मुलींना लग्न करून देऊन सासरी दोष दिला. शिक्का त्यांच्यावरही होता. फक्त त्यातून मदत मिळत नव्हती.

आत्या : हं. छड्या मिळाल्या, हे खरं.

भाची : आणि हुशारीचाही शिक्काच असतो. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन हजारांहून अधिक ऑटिस्टिक व्यक्तींच्या नोंदी तपासल्या गेल्या. बुद्ध्यंक चांगला असलेल्यांची रोजची कामं करायची क्षमता त्यांच्या बुद्धीच्या मानाने बरीच मागे होती. पंधरापर्यंतचे पाढे पाठ असलेलं मूल बुटांची नाडी, डब्याचं झाकण, शाळेतलं स्वच्छतागृह यांपाशी अडलेलं असतं. आपण म्हणतो, एवढं येतं मग हे का येत नाही, नाटकं करतो. या मुलांवर सगळ्यांत मोठा अन्याय इथे होतो.

आत्या : मला दुसरी भीती आहे, पोरी. एकदा निदान झालं की दुकानं उघडी आहेत. अमुक थेरपी, तमुक आहार, परदेशी इंजेक्शन. आईबाप घाबरलेले असतात, दागिने मोडतील.

भाची : ती भीती अगदी खरी आहे, आणि माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी ती मोठ्याने बोलून दाखवायला हवी. ऑटिझम मुळातून घालवणारं औषध नाही. खूप अस्वस्थता, झोप न लागणं, लक्ष न टिकणं अशा जोडीच्या त्रासांना डॉक्टर औषध देतात, तेवढंच. स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, त्यांची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने 2022 मध्ये सांगितलंय. ‘पूर्ण बरा करतो’ म्हणणाऱ्याच्या दारातून मागे फिरायचं. रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्येही ऑटिझम दिसत नाही. जन्मापासूनची हकिकत आणि मुलाचं निरीक्षण, यांतूनच निदान होतं.

आत्या : मग जायचं कुठे?

भाची : आधी कानांची तपासणी, ऐकू येतं असं वाटलं तरी. मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून अंगणवाड्या आणि शाळांत मुलांची तपासणी करतात, आणि त्यांनी पाठवलेल्या मुलांसाठी जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. आपल्याकडे इसा नावाची चाळीस बाबींची भारतीय मापनपट्टीही वापरतात. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण, आणि बेरीज सत्तर किंवा वर गेली तर ऑटिझम धरतात. नीट बोलणारं मूल नेमकं काठावर येतं. म्हणून जाताना घरातले साधे व्हिडिओ न्यायचे: जेवताना, खेळताना, पाहुण्यांत. शाळेकडून लेखी निरीक्षण घ्यायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. ते घ्यायचं की नाही, कधी घ्यायचं, हे घराने ठरवायचं.

आत्या : शाळेत सूनबाईला आणखी एक सांगितलंय. घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, म्हणजे मुलाचा गोंधळ होणार नाही.

भाची : हे अजिबात करायचं नाही. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट मराठी बंद केली तर तुझ्याशी, आजोबांशी असलेला त्याचा धागा तुटेल. ज्याला माणसं जोडणं आधीच अवघड, त्याच्याकडून आजीची भाषा काढून घ्यायची?

आत्या : आता माझ्या अटी ऐक. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल रडगाणं गायचं नाही. रेल्वे बंद करायची नाही. आणि तपासणीची वाट बघत शाळा हातावर हात ठेवून बसणार असेल, तर ते मला मान्य नाही.

भाची : तिन्ही मान्य. रेल्वे तर आपला दरवाजा आहे. वेळापत्रकावरून घड्याळ, नकाशा, पैसे मोजणं, आणि दुसऱ्या मुलाबरोबर स्टेशन-स्टेशन खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबणंही शिकवता येईल. पण माझीही एक अट आहे. नाव टाळायचं नाही. थोडा मोठा झाल्यावर त्याला त्याच्या मेंदूची रीत त्याच्या भाषेत समजावून सांगायची. नाहीतर तो स्वतःच कारण शोधेल, आणि मुलांना सापडणारं कारण एकच असतं, की मी वाईट आहे.

आत्या : आणि तपासणीत ऑटिझम नाही निघाला तर? नुसती चिंता, किंवा दुसरं काही?

भाची : तर ते कळेल, आणि त्याची मदत वेगळी असेल. अतिचंचलता, चिंता, शिकण्यातल्या अडचणी यांची लक्षणं यात मिसळतात, कधी जोडीने असतातही. पण कुकरचा आवाज त्याला निदानाआधीही सोसत नव्हता, आणि निदान काहीही आलं तरी सोसणार नाही. त्याच्या सोयी त्यासाठी थांबवायच्या नाहीत.

आत्या : मग शाळेत मी जाते. त्या बाईंशी मला शिक्षिकेच्या भाषेत बोलता येईल. दिवसाचं वेळापत्रक फळ्यावर चित्रांत काढा. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा. घंटेपासून लांबचा बाक द्या, सूचना एका वेळी एकच द्या. मधल्या सुट्टीत एक समजूतदार जोडीदार द्या. गोंगाट असह्य झाला तर ग्रंथालयात बसायची मुभा द्या. चाळीस पोरांच्या वर्गातही यातलं बरंचसं जमतं. मला जमलं असतं. आणि पोराला अपॉइंटमेंटला न्यायच्या दिवशी सूनबाईबरोबर मी असेन. त्याचं बाळपण मला तिच्यापेक्षा जास्त आठवतं.